पाणी थांबलं की गाडी थांबते

सातव्या फेरीत हर्षाची गाडी भर रस्त्यात गोठली.

पायाखालचं पेडल तळाला टेकलेलं, स्टिअरिंग डावीकडे वळलेलं, आणि पडद्यावरची गाडी चित्रासारखी उभी. मागून येणाऱ्या तीन गाड्या तिच्या आरपार निघून गेल्या. मग काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं आली : संपर्क तुटला.

"गेली!" हर्षा ओरडली आणि तिनं कानावरचे हेडफोन काढून खाटेवर फेकले.

स्वयंपाकघरातून तिची आई, रत्नमाला, हात पुसत बाहेर आली. "आजबी?"

"आजबी. दुसरा नंबर होता माहा. पाचच फेऱ्या राहिल्या होत्या."

हर्षा तेवीस वर्षांची. भंडारा जिल्ह्यातल्या एकोडी गावात ट्रॅक्टर चालवणारी ती एकटीच मुलगी. वडील धर्मेंद्र जवाहरनगरच्या फॅक्टरीची बस चालवतात, तिकडेच क्वार्टरमध्ये राहतात आणि पंधरा दिवसांनी घरी येतात. त्यांनीच तिला बारावीनंतर ट्रॅक्टरवर बसवलं. चिखलणीच्या दिवसांत ती तीन-तीन घरांच्या बांधी, धानाची शेतं, चिखलून द्यायची. गाडीचं वेड तिथूनच लागलं. ऑनलाइन रेसिंगची गोष्ट कळली तेव्हा तिनं नागपुरातल्या एका पोराकडून जुनं स्टिअरिंग आणि पेडल आणलं, ते ट्रॅक्टरच्या जुन्या सीटसमोर लोखंडी फळीवर बसवलं आणि दीड वर्षात अशी तयार झाली, की पुण्या-नाशिकची पोरं तिचं नाव ओळखू लागली.

यंदा राज्यभरातल्या खेळाडूंची आठ शर्यतींची लीग होती. दर रविवारी सकाळी नऊला एक शर्यत. गुणांत पहिले चार येतील त्यांना पुण्याला अंतिम सामन्यासाठी बोलावणार. ऑगस्ट ते सप्टेंबरच्या पहिल्या पाच शर्यतींत हर्षा कायम पहिल्या तिघांत होती. मग सहावी बुडाली, आणि आता सातवीही. ती सातव्या नंबरावर घसरली. नियम स्पष्ट होता : ज्याचं नेट तुटेल, त्याचं तो पाहील.

उरली एकच शर्यत. तीत पहिला नंबर आला तरच पुणे.

मोबाईलच्या नेटवर तिनं आधीच खेळून पाहिलं होतं. घरात मुश्किलीनं एक दांडी यायची आणि गाडी बैलबंडीसारखी हिसके खात चालायची. भरवसा होता तो नेटवाल्या मंगेशच्या वायरलेसवरच. साकोलीच्या मंगेशनं ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर एक डिश लावली होती. गावातली चाळीस घरं त्यावर चालत. ती सगळी घरं पंचायतीच्याच बाजूला. हर्षाचं एकटं घर तलावाच्या अलीकडच्या पाळीला, म्हणजे बांधाला. तिच्या स्लॅबवर लोखंडी पाइप उभा होता, त्याला ताटाएवढी छोटी डिश, आणि मध्ये चारशे मीटर तलाव.

मंगेशला तिनं त्याच दिवशी फोन केला.

"ताई, बाकी कोणाचीच तक्रार नाही ना," तो म्हणाला. "तुह्या घरातला राऊटर पाय. कपाटामागं ठेवला असन."

राऊटर कपाटामागं नव्हता, तरी हर्षानं तो बाजूला केलाच. लॅपटॉप थेट केबलनं जोडला. घरातलं वायफायच मधून काढून टाकलं. सोमवारी सकाळी पुन्हा तोच प्रकार : मिनिटभर ठीक, मग तीस सेकंद मेलेलं.

म्हणजे घरात दोष नव्हता.

मग तिनं लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली आणि पिंग सुरू केलं. पिंग म्हणजे एक बारीकसा निरोप पाठवायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. एक पिंग घरातल्या राऊटरला, दुसरं स्लॅबवरच्या डिशला, तिसरं तलावापलीकडच्या मंगेशच्या डिशला. पहिली दोन घड्याळासारखी चालली. तिसरं तुटत होतं.

मंगेश मंगळवारी दुपारी आला. स्लॅबवर चढला, नट आवळले, वायरचं टोक कापून नवं बसवलं, एवढंच नाही तर डिशसुद्धा बदलली. पिंग एकदम साफ.

"पाय, झालं," तो म्हणाला. "इथून टाकी साफ दिसते. मधात एक झाड नाही. यापेक्षा चांगली लाइन मी कोणाले देऊ?"

बुधवारी सकाळी सात वाजता ते पुन्हा तुटलं.

हर्षा त्या दिवशी खरंच रडकुंडीला आली होती. पण रडण्यापेक्षा तिनं वही काढली. दर पंधरा मिनिटांनी तुटलं की नाही ते लिहायचं. दोन दिवसांत चित्र उभं राहिलं. सकाळी सहा ते दहा खराब. अकरानंतर सुधारतं. दुपारभर उत्तम. सूर्य कलला की पुन्हा बिघाड. मंगेश दुपारी आला होता, म्हणून त्याला काहीच सापडलं नव्हतं.

"दव असन," रत्नमाला म्हणाली. "सकाळच्यानं सारंच ओलं रायते."

"मंग पावसात काहून चालत होतं, आई? ऑगस्टात तर धो धो पडत होता, अन् मी तिसरी आली."

हर्षानं तेही वहीत लिहून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन स्लॅबवरच बसली. तलाव इतका निवांत होता, की पलीकडची टाकी पाण्यात जशीच्या तशी उलटी दिसत होती. पिंग दर मिनिटाला मरत होतं. तेवढ्यात देवाजी काका आपला डोंगा, छोटी होडी, घेऊन आले. ते ढिवर, या तलावात मासे धरण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी जाळं लावलं आणि मासे जाळ्याकडे हाकलायला बांबूनं सपासप पाणी झोडपायला लागले.

हर्षाची नजर पडद्यावर होती. पिंग सुधारलं. एक ओळ, दोन ओळी, वीस ओळी, एकही तुटली नाही. काकांनी बांबू आडवा ठेवला आणि विडी पेटवली. पाणी हळूहळू स्थिर झालं.

पिंग मेलं.

ती ताडकन उठली. "काकाजी! ओ देवाजी काका!"

"काय वो पोरी?"

"पुन्हा मारा ना पाणी!"

"काहून? मासोळ्या त गेल्या जाळ्यात."

"मासोळ्यांसाठी नाही, माह्यासाठी मारा!"

देवाजी काकांना काही कळलं नाही, पण पोरीच्या आवाजात असं काही होतं, की त्यांनी विडी दातात धरली आणि पुन्हा बांबू उचलला. सपासप लाटा उठल्या. पिंग जिवंत झालं. "आता थांबा!" ते थांबले, थोड्या वेळानं पिंग मेलं. "मारा!" जिवंत. "थांबा!" मेलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

"अजी, झालं का?" काका ओरडले. "हात दुखून राहिले माहे!"

हर्षा स्लॅबवर एकटीच नाचत होती.

तिनं मंगेशला फोन लावला. "मंगेशभाऊ, पाणी आरसा होऊन राहिलं. टाकीवरून एक सिग्नल सरळ येते, अन् एक पाण्यावर आपटून येते. दोघं माह्या डिशवर एकाच वेळी पोचतात अन् एकमेकाले मारतात. पाणी हाललं की आरसा फुटते, मंग सरळवालाच येते. दुपारी वारा रायते, ऑगस्टात वारा-पाऊस होता, म्हणून चाललं."

मग मंगेश म्हणाला, "ताई, मी येतो."

या वेळी तो सकाळी आला, तेही दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सहाला. मोबाईलवर त्यानं डिशचा आकडा उघडला. तो आकडा जितका लहान, तितका सिग्नल बरा. ऐंशीवर अडकला होता. हर्षानं पाना लावून डिशची पकड सैल केली आणि ती पाइपवरून बोट-बोट खाली सरकवायला लागली.

"ऐंशी," मंगेश वाचत होता. "अठ्ठ्याहत्तर. बहात्तर. पासष्ट... अठ्ठावन्न! थांब, थांब!"

दोन वितीसुद्धा नाही, एवढ्याच अंतरानं मेलेलं नेट धावायला लागलं होतं. उंची बदलली की दोन सिग्नलांची गाठ वेगळ्या तऱ्हेनं पडते. वैऱ्यासारखे भिडणारे दोघं आता एकमेकाला हात देत होते. मंगेशनं डोक्याला हात लावला. "सहा वर्षं झाली मले या धंद्यात. मी टाकीकडंच पाहत रायलो, खाली पाण्याकडं पायलंच नाही."

गोष्ट इथं संपली असती, तर हर्षाला त्या रात्री गाढ झोप लागली असती. पण संध्याकाळी उशिरा पिकणाऱ्या भारी धानासाठी तलावाचं गेट उघडलं. लोंबीत दाणा भरण्याचे दिवस. पाणी सोडणं भागच होतं.

रविवारी सकाळी आठला हर्षानं पिंग लावलं. तुटत होतं. ती पाळीवर धावली. कालची ओली रेघ दगडांवर स्पष्ट दिसत होती आणि पाणी तिच्याखाली एक वीत उतरलेलं होतं.

आरसाच खाली सरकला होता.

शर्यतीला पाऊण तास. मंगेश साकोलीत. हर्षा स्लॅबवर चढली, पाना लावला, पण एका हातानं डिश सरकवायची, दुसऱ्यानं पाना आवळायचा आणि मोबाईलवर आकडा पाहायचा, हे एकटीला जमेना.

"आई! वर ये!"

रत्नमाला शिडीवरून वर आली. साडीचा पदर तिनं कमरेला खोचला. "सांग काय करू."

"हा आकडा वाच फक्त. साठीच्या खाली आला की ओरड."

"एकोणऐंशी," रत्नमाला वाचायला लागली. "एक्याऐंशी. अवो, वाढून राहिला!"

"वाढू दे. खालीच घेतो अजून."

"शहात्तर. सत्तर. त्रेसष्ट. साठ. सत्तावन्न! सत्तावन्न, हर्षा!"

हर्षानं नट करकचून आवळला. नऊला सात मिनिटं होती. शिडीच्या शेवटच्या तीन पायऱ्यांवरून तिनं उडीच मारली.

"मी इथंच बसतो पाना घेऊन," रत्नमाला वरून म्हणाली. "आकडा वाढला त हाक मारीन."

शर्यत बारा फेऱ्यांची. हर्षा सुरुवातीला सहावी उभी होती. हिरवा दिवा लागला आणि पहिल्याच वळणावर दोघं एकमेकांवर आदळले. ती त्यांच्या आतल्या बाजूनं निसटून चौथी झाली. तिसऱ्या फेरीत तिसरी. पाचव्या फेरीत खेळातला पाऊस सुरू झाला. रस्ता निसरडा, पुढचा नाशिकचा गडी घाबरून ब्रेक मारायला लागला. हर्षाला चिखलात ट्रॅक्टर घसरतो तेव्हा काय करायचं ते माहीत होतं. ब्रेक नाही, स्टिअरिंग ढिलं सोडायचं आणि गाडीला तिची वाट शोधू द्यायची. सहाव्या फेरीत ती दुसरी होती.

सातवी फेरी. मागच्या रविवारी इथंच गाडी मेली होती.

"अठ्ठावन्न!" स्लॅबवरून आवाज आला. "चालू दे!"

गाडी चालली. आठवी, नववी, दहावी. पुण्याचा पहिल्या नंबरचा खेळाडू दीड सेकंद पुढं होता. हर्षा प्रत्येक वळणावर थोडी-थोडी जवळ सरकली. शेवटच्या फेरीत, डोंगराच्या उतारावर, त्यानं आतली बाजू झाकली. तिनं बाहेरून घातली. दोन्ही गाड्या वळणभर खांद्याला खांदा लावून धावल्या. शेवटच्या सरळ रस्त्यावर हर्षानं पेडल इतकं दाबलं, की लोखंडी फळी करकरली.

पडद्यावर तिचं नाव पहिलं आलं. फरक एका सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा.

कानात समालोचकाचा आवाज घुमत होता, "आणि विजेती आहे हर्षा, भंडारा जिल्ह्यातून, साकोली तालुका, गाव..." तो अडखळला, कागद चाळल्याचा आवाज आला, "गाव एकोडी!"

मग ती ओरडली. असं ओरडली, की पाळीवरचे बगळे उडाले. अंगणात धावत आली तर रत्नमाला स्लॅबच्या काठाशी उभी होती, एका हातात पाना, दुसऱ्या हातात मोबाईल.

"काय झालं? तुटलं का?"

"नाही तुटलं! जिंकली मी, आई! पयली आली! पुण्याले चालली मी!"

रत्नमालानं पाना डोक्यावर उंच धरला आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. तिला असं करताना हर्षानं जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात तिच्या हातातला मोबाईल वाजला. जवाहरनगरहून धर्मेंद्रांचा फोन होता. मागं इतका गलका, की शब्द नीट कळेनात; क्वार्टरमधल्या एका खोलीत दहा-बारा जण शर्यत पाहायला जमले होते.

"ऐकून राहिली का?" धर्मेंद्र ओरडून म्हणाले. "सारे टाळ्या वाजवून राहिले! पोट्टीले दे फोन!"

"पोट्टी खाली आहे," रत्नमाला म्हणाली. "आधी माह्याशी बोला. पाना मी धरला होता."