खिळ्यावरचा वॉल

मित्रांनो, पालघरहून बोईसरला येताना नागोराव मिस्त्रींचं गॅरेज लागतं. त्याच्या दाराला खिळ्यावर एक पितळी तुकडा लटकलेला दिसेल. मूठभर आकाराचा, कडेने काळवंडलेला. तो मी. कंपनीच्या पुस्तकात माझं नाव थर्मोस्टॅट. इथे मला सगळे नुसतं 'वॉल', म्हणजे व्हॉल्व्ह, म्हणतात. म्हणोत बापडे!

माझं काम एवढंसं, पण इंजिनाचा जीव त्याच्यावर. इंजिन गार असलं की मी दार मिटून बसायचं, म्हणजे त्याच्यातलं पाणी तिथल्या तिथे फिरून लवकर तापतं. पुरेसं तापलं की दार उघडायचं आणि पाणी रेडिएटरकडे गार व्हायला सोडायचं. कारखान्यातून निघालो तो थेट एका डिझेल ट्रकच्या इंजिनात बसलो. पुढे तो ट्रक घिवलीच्या विश्रामने घेतला. दहा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या होत्या. आता परत दुसऱ्याच्या गाडीवर चढायचं नाही, एवढा एकच त्याचा हट्ट होता. तारापूरला वीजघराचं बांधकाम चाललं होतं, तिथे तो खडी पोचवायचा. ते दिवस माझे फार सुखाचे गेले.

मग पासष्ट सालचा मे आला आणि त्याने घातच केला. भर दुपारी इंजिनाला उकळी फुटली. नागोराव मिस्त्री परभणीकडून पोटासाठी इकडे आलेले, हाताला गुण असलेला माणूस. त्यांनी रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ आणि गवताच्या काड्या साफ केल्या, आणि त्याच बैठकीत मलाही उपटून काढलं.

"हाच पाणी अडवतो बघ. आपल्याकडच्या उन्हात याचं काय काम?" ते म्हणाले.

गाडी गार चालायला लागली. खरा गुण जाळी साफ केल्याचा, पण नाव झालं मला काढल्याचं. विश्रामने नारळ फोडला. मला मात्र नटबोल्टांच्या डब्यात टाकलं आणि डबा फळीवर गेला. माझ्या जाण्याचा एवढा आनंद! फार लागलं मला ते.

हिवाळा आला. पहाटे दात वाजवणारी थंडी, आणि इंजिनात पाणी अडवायला मी नाही. खडी भरून मैलोन्‌मैल गेलं तरी तापमानाचा काटा तळालाच. पांढरा धूर, डोळे झोंबवणारा. अर्धवट जळलेलं डिझेल आत ओघळायचं, सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑईल धुऊन न्यायचं आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासायच्या. विश्रामने रेडिएटरपुढे गोणपाट बांधलं. बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार? गाडी गॅरेजात आली की मी डब्यातून सगळं ऐकायचो. ओरडता आलं असतं तर गॅरेज डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या हिवाळ्यात, दत्तजयंतीच्या सुमारास, खडखड फारच वाढली. मिस्त्रींनी फिल्टर बदलला, नोझल बदलले. काही फरक नाही. शेवटी त्यांनी माझ्या जागेवरचं झाकण उघडलं, आत रिकामी जागा पाहिली आणि तसेच थांबले. मग उठून डबा काढला, मला शोधलं आणि चहाच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात सोडलं. मी दार सताड उघडलं! बाहेर काढल्यावर गपकन मिटलं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मला वाटलं, आता मी घरी जाणार.

तेवढ्यात बाहेर चहा पिणाऱ्या ड्रायव्हरांना विश्राम सांगत होता, "आमच्या मिस्त्रींसारका माणूस नाय. तो वॉल काढला म्हनून माजी गाडी वाचली." आणि आत डोकावून त्याने विचारलं, "घावला काय रोग?"

मिस्त्रींची मूठ माझ्यावर आवळली.

"पंप बघावा लागेल," ते म्हणाले आणि मला खिशात घातलं.

हळूच बसवून टाकायचं म्हटलं तरी जमणारं नव्हतं. गाडी उघडी असली की विश्राम तिच्यापासून हलायचा नाही. त्याच्यादेखत मला बसवायचं म्हणजे चूक कबूल करायची, आणि त्याला मिस्त्रींची जीभ रेटेना. रोज खिशात हात घालून ते मला चाचपायचे आणि उद्यावर ढकलायचे. इंजिन तेव्हा वाचलं असतं हो! नक्की वाचलं असतं.

शिमग्याच्या आठ दिवस आधी गाडी सुरूच होईना. ढकलली, ओढली, पण काही उपयोग झाला नाही. इंजिन उघडलं तर आतून पार झिजलं होतं, आणि नवं घालायला विश्रामकडे पैसे नव्हते. भंगारवाला गाडी ओढून नेत असताना विश्राम रस्त्यावर पाठमोरा उभा होता. मिस्त्री त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी मला त्याच्या हातावर ठेवलं.

"विश्राम, हा काढायला नको होता. माझी चूक."

"तुमाला कधी कळलं?"

"दत्तजयंतीला."

विश्रामने मला हातात उलटसुलट फिरवून पाहिलं. "मंग तवाच सांगायचं, मिस्त्री. मी काय तुमाला खाल्लं असतं? हसलो असतो, नि दोगांनी मिळून बसवला असता."

त्याने मला परत दिलं आणि तो घिवलीच्या वाटेने चालत गेला. त्या दिवशी मिस्त्रींनी मला इथे टांगलं. दुसऱ्या कुठल्या गाडीला लावलं नाही.

परवा विश्राम आला होता, दुसऱ्याची गाडी घेऊन. पहाटेची थंडी होती. खाली उतरल्या उतरल्या त्याने विचारलं, "मिस्त्री, हिच्यात वॉल हाय ना?" मिस्त्रींनी झाकण उघडून त्याला दाखवला. मग दोघांनीही एकदम वर माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, मी अजून धडधाकट आहे. आजही उकळत्या पाण्यात टाकलंत तर दार उघडीन, पण माझं इंजिन आता नाही. कुठलीही वस्तू निकामी म्हणून काढण्याआधी ती कशासाठी होती ते विचारा. आणि चूक उमगली, तर ती खिशात ठेवू नका. माझी एवढीच विनवणी आहे.