गुन्हा माझा, गाल तिचा

मी एक तेलग्रंथी बोलतेय. फोटोग्राफरच्या मुलीच्या डाव्या गालात, एका बारीक केसाच्या मुळाशी माझा मुक्काम आहे. मी कुणाला दिसत नाही, माझे प्रताप मात्र सगळ्यांना दिसतात.

काम तसं साधं. थोडं तेल करायचं आणि छिद्रातून वर पाठवायचं, म्हणजे कातडी मऊ राहते. बारा वर्षं मी जवळजवळ झोपूनच होते. मग ती वयात आली, रक्तातून संप्रेरकांचा निरोप आला आणि मी हुरळले. किती तेल ओतावं याचं भानच राहिलं नाही. मेलेल्या पेशी त्या तेलात चिकटल्या आणि छिद्राला बूच बसलं. एरवी गपगुमान राहणाऱ्या जंतूंना मोकळं रान मिळालं. त्यांना आवरायला शरीराचे रखवालदार धावले, तसा गाल लाल झाला, सुजला, पू धरला.

आणि बोलणी कुणाला? तिला!

"खा अजून चॉकलेटं!" आई म्हणायची.

"तोंड धुतेस की नुसतं ओलं करतेस?" मावशी विचारायची.

चोर सोडून संन्याशाला सुळी! बिचारीने कपड्याच्या साबणाने गाल घासघासून सोलवटला. पुळी नखाने फोडली, तर सूज आणखी खोल गेली आणि खड्डा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा कॉलेजच्या ओळखपत्रासाठी वडिलांनी तिचा फोटो काढला. गिऱ्हाइकांचे डाग पुसायची त्यांच्या हाताला इतकी सवय, की लेकीचा गालही त्यांनी गुळगुळीत करून टाकला.

"बाबा, ही कोण?"

"अगं, तूच! छान दिसतेयस ना?"

"म्हणजे एरवी नाही दिसत?"

फोटो काउंटरवर ठेवून ती निघून गेली. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. माझ्यामुळे बापलेकीत अबोला!

आज सकाळी ते तिच्या दाराशी आले. "चुकलो गं. पुन्हा काढू या? जसा आहे तसा."

ती स्टुलावर बसली, पण हात गालावरच. वडील कॅमेरा लावून थांबले. बऱ्याच वेळाने तिने हात खाली घेतला.

आता डॉक्टरांचं मलम सुरू आहे. गुण यायला दोन-तीन महिने लागतील. तोवर तिच्याकडे बघाल तेव्हा तिच्या डोळ्यांत बघा. माझ्याकडे बघू नका, मला लाज वाटते.