एकच मुलगा

घर विकायचं म्हणजे आधी घरातून घरच्यांना काढावं लागतं, हे कावेरीला नागेश दलालानं शिकवलं. पोरगं तिशीतलं, पण जीभ कात्रीसारखी. जिंतूरला पाय ठेवायला जागा पाहिजे असली की माणसं त्याच्याकडेच जायची.

"काकू, पोपडे काढा, रंग मारा, बोअर चालू करून दाखवा, ते सगळं ठीक हाय," तो म्हणाला, "पण तो फोटो आधी उतरवा. हार घातलेला फोटो बघितला की गिऱ्हाईक चहासुद्धा घेत नाही."

फोटो लेकीचा, ईश्वरीचा. कावेरीनं स्टुलावर चढून तो उतरवला, पुसला आणि गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवला. रडू येईल असं तिला वाटलं होतं. कसलं काय! हात आपलं काम करत होते, आणि ती बाजूला उभी राहून बघत होती.

तीन उन्हाळ्यांमागची गोष्ट. ईश्वरी कूलरमध्ये पाणी भरायला गेली आणि शॉक लागून जागीच गेली. बावीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. कूलरची वायर आदल्या रविवारी तिच्या वडिलांनी, अनंतरावांनी चिकटपट्टी गुंडाळून जोडली होती. "नवी कशाला आणायची, उन्हाळा तर निघतो," म्हणाले होते. कोर्टात तीस वर्षं कारकुनी केलेला, दिवसभर बोलणारा माणूस. त्या दिवसापासून जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की भिंतीकडं तोंड करून पडायचा. पोरीचं नाव त्यांनी परत तोंडातून काढलं नाही. परभणीच्या डॉक्टरांनी कावेरीला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, जागा बदला. गोळ्यांनी हे होणार नाही." मुलगा शंतनु पुण्याहून तेच सांगायचा. घर सुटलं तरच हा माणूस सुटेल, एवढं एकच कावेरीला कळत होतं.

पण घर सुटेना. तीन गिऱ्हाइकं आली, घर आवडलं म्हणाली, आणि गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी कानाला लागलं की परत फिरली. कुवार पोर अवेळी गेलेलं घर, कोण घेणार? शांत केली होती, गावजेवण घातलं होतं. ते कुणी विचारतंय थोडंच!

म्हणून नागेशनं या खेपेला बाहेरगावचं, चारठाण्याचं गिऱ्हाईक धरलं. वेळही दुपारी दोनची दिली, गल्ली झोपलेली असते तेव्हाची. "आणि लेकरं किती म्हणून विचारतीलच. एकच मुलगा म्हणायचं. म्हणून दाखवा बरं."

"एकच मुलगा," कावेरी म्हणाली.

"अडखळू नका. परत."

परत म्हणाली. मग आठ दिवस ती कामाला लागली. ईश्वरीच्या खोलीच्या खिडकीत कूलरच्या स्टँडची चार भोकं होती, ती लांबी भरून बुजवली. दारामागं पेन्सिलीनं उंची मोजल्याच्या खुणा होत्या, त्यांवर रंगाचे दोन हात मारले. पुस्तकं रद्दीवाल्याला दिली, कपडे गाठोडं बांधून लांबच्या अनाथाश्रमाला. खोली अशी लख्ख झाली की तिथं कुणी राहिलंच नव्हतं म्हणा. कावेरी दारात उभी राहिली. छान झाली खोली, एवढंच तिच्या मनात आलं, आणि आपल्या मनात एवढंच यावं याचीच तिला भीती वाटली.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. ग्रामसेवक असलेला जीवन, त्याची आई कस्तुराबाई आणि बायको निकिता. अनंतरावांना कावेरीनं इस्त्रीचा सदरा घालून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं होतं. ते बसले होते. कस्तुराबाईंनी नळ सोडून बघितले, देवघराची दिशा विचारली, आणि चहाचा कप हातात घेत म्हणाल्या, "लेकरं किती वो तुमाला?"

"एकच मुलगा. पुण्याला असतो," कावेरी म्हणाली. कुठं अडखळली नाही. नागेशनं समाधानानं बशीत चहा ओतला. निकितानं मात्र मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"काकू, आतली खोली दाखवता का?" ती म्हणाली.

आत गेल्यावर निकितानं दार लोटलं, आणि हळूच म्हणाली, "पदरात ओळखलं नाहीत ना काकू? मी ईश्वरीच्या वर्गात होते. तीन वर्षं एका बाकावर."

कावेरीनं तिचं तोंड निरखून बघितलं.

"यांना नाही सांगितलं मी. सासूबाई ऐकतील तर पाऊल ठेवायच्या नाहीत. पण मला हेच घर पाहिजे, काकू. मी इथं लय वेळा आलेय, मला नाही भ्या वाटत. यांनापण पसंत पडलंय. तुमी एकच म्हणालात ना, तेच धरून ठेवा. मीही तेच धरते."

म्हणजे झालं. घर गेलं. कावेरीला हायसं वाटायला पाहिजे होतं. त्याऐवजी छातीत काहीतरी लागलं, इतकं जोरात, की तिला तीन वर्षांत पहिल्यांदा नीट दुखलं.

"नाव घे तिचं," ती म्हणाली. "कुणी घेत नाही गं. एकदा घे."

"ईश्वरी," निकिता कुजबुजली.

"असं नको. हाक मारायचीस तशी मार."

निकितानं लोटलेल्या दाराकडं बघितलं. पलीकडं सासू होती. मग कावेरीच्या तोंडाकडं बघितलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कॉलेजला जाताना फाटकातून मारायची तशी तिनं खणखणीत हाक मारली, "ईश्वरीऽ!"

बाहेरच्या खोलीतून लगेच अनंतरावांचा आवाज आला, "थांब गं, येतेय ती. वेणी घालायलीय."



"कोन येतंय?" कस्तुराबाईंनी विचारलं.

कावेरी बाहेर आली. नागेश डोळ्यांनी विनवत होता, गप्प बसा, काकू, गप्प बसा. अनंतराव आतल्या दाराकडं बघत होते.

"आमची मुलगी," कावेरी कस्तुराबाईंना म्हणाली, आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसली.