दोनवर राहिलेला काटा

मित्रांनो, चिकलठाण्याच्या एका कारखान्यामागे भंगाराचा ढीग आहे. त्यात वरच्या बाजूला आडवा पडलेला तो मी, एक जुना शिकंजा. ड्रिल मशीनवर लोखंडाला भोक पाडताना हवेच्या जोरावर ते घट्ट धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. ते मी अकरा वर्षं इमानेइतबारे केलं.

मला लावायचे ते कारभारीदादा. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. सकाळी आले की आधी ते हवेच्या नळीवरच्या भांड्यात साचलेलं पाणी काढून टाकत. मग दाबाची मूठ वर ओढून हळूहळू फिरवत. दाब दाखवणारा काटा पाचवर आला की मूठ खाली दाबून पक्की करत आणि मी धरलेला तुकडा दोन्ही हातांनी ओढून बघत. तो तसूभरही हलला नाही की म्हणत, "शाब्बास रे वाघा!" मी नुसता फुलून जायचो, खोटं कशाला सांगू?

दुपारच्या पाळीला पिशोरचा फारूख यायचा. उस्तादाच्या मागे काटा बघणं म्हणजे उस्तादावर संशय घेणं, अशी आमच्या खात्याची रीत. एकदा एका नव्या कामगाराने त्याला काटा बघायला सांगितलं, तर फारूख त्याच्यावरच उखडला. "उस्तादनं लावलंय. बघायचं काम नाय!"

एके दिवशी ॲल्युमिनियमची पातळ झाकणं आली. पाचच्या जोराने ती चेपली असती, म्हणून उस्तादांनी दाब दोनवर आणला. ते बरोबरच होतं. पण झाकणं संपल्यावर तो वाढवायचं ते विसरले आणि भोंगा होताच घरी गेले. फारूखने येऊन लोखंडी तुकडा लावला. मी जिवाच्या आकांताने धरला, पण दोनच्या हवेत माझं बळ ते किती? तुकडा ड्रिलबरोबर गरकन फिरला आणि फारूखच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. गोंधळात कुणीतरी हवा बंद केली. काटा शून्यावर पडला, त्यामुळे खरं काय ते कुणाला दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. "कारभारी, लावून दाखवा बरं."

उस्तादांनी माझ्यात तुकडा लावून हवा चालू केली. काटा दोनवर येऊन थांबला आणि त्यांचा चेहरा उतरला. मूठ फिरवायला त्यांनी हात उचलला, तसाच खाली घेतला. मग काट्याकडे पाठ करून ते साहेबांपुढे उभे राहिले आणि तुकडा ओढला. तो अलगद निघाला.

"जुना झालाय, साहेब. पकडच ऱ्हायली नाय ह्याच्यात."

मित्रांनो, त्यांनी माझा केसाने गळा कापला. विसरले, ते मी कधीच माफ केलं असतं. पण नोकरी वाचवायला त्यांनी जाणूनबुजून मला नालायक ठरवलं, आणि मला तोंड नव्हतं.

आज दोन महिन्यांनी फारूख कामावर आला. आधी इथं येऊन त्याने मला लाथ मारली. "माझी बोटं खाल्ली रे तू!"

मागून उस्ताद आले. खाली बघत त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल गड्या. तुझ्यासाठी नवा शिकंजा लावून ठेवलाय."

"तुम्ही लावला ना, मग झालं," म्हणत फारूख निघाला.

मित्रांनो, मला उचलू नका, तेलाचा थेंबही घालू नका. आधी त्याच्यामागे धावा. मशीन सुरू करण्याआधी काटा स्वतः बघ, एवढं त्याला सांगा. त्याची आठ बोटं अजून शिल्लक आहेत.