चाळीस दिवस चालणारं मशीन

बाईंनी नव्या सर्व्हरचा कागद मालकांकडे फिरवला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. दोन डिस्क, दोन्हींवर तीच माहिती. एक गेली तरी दुसरी चालत राहते, कुणाला पत्ताही लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स, कारण ती महिनोन्‌महिने बंद करावी लागत नाही.

रक्ततपासणीच्या त्या कंपनीत डेटाबेस सांभाळणाऱ्या बाई एकट्याच. अठरा वर्षांचे रिपोर्ट एका म्हाताऱ्या सर्व्हरवर होते आणि तो रोज सकाळी रुसायचा. साडेसातला बाईंनी यायचं, त्याला बंद करून पुन्हा सुरू करायचं आणि तीन प्रोग्राम ठरावीक क्रमाने उठवायचे, असा नेम. तो क्रम लिहून ठेवा, असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही आणि त्यांनीही ठेवला नाही. तेवढाच आपला भाव राहील, असं तेव्हा वाटायचं. चुकलं ते तिथेच.

आता मुलीचे दिवस भरत आले होते. दूरच्या शहरात ती आणि नवरा दोघंच. बाईंना चाळीस दिवसांची रजा हवी होती, म्हणजे चाळीस दिवस बाईंशिवाय चालेल असं मशीन हवं होतं. तीन आठवडे खपून त्यांनी तो कागद केला होता.

मालकांनी तो शेवटपर्यंत वाचला, मनापासून वाखाणला, आणि मग सांगितलं की आपल्या जावयांनी मशीन कालच मागवलंय. डिस्क एकच, पण चांगली मोठी. सिस्टिम घरच्या कॉम्प्युटरवर असते तीच, म्हणजे सगळ्यांना कळेल. घ्या, वरातीमागून घोडं! शेजारी बसलेले जावई स्वतःची नखं बघत होते. ती सिस्टिम अपडेटसाठी मधेच बंद पडेल, डिस्क गेली तर आदल्या दिवशीच्या कॉपीवरून सगळं पुन्हा मांडायला मीच लागेन, असं बाईंनी जीव तोडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"अहो बाई," मालक अगदी मायेने म्हणाले, "दुसरी डिस्क कशाला? तुम्ही आहात की."

भांडावं, तर माणूस कौतुक करतोय. बाईंना रडूच आलं. ते त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं. रजेचं विचारलं, तर चार दिवस जाऊन बाळ बघून या ना, म्हणाले.

जिन्यात येऊन त्यांनी मुलीला फोन लावला. ऑफिसात जरा घोडं अडलंय, नवीन सर्व्हर येतोय, रजेचं पुढच्या आठवड्यात नक्की कळेल, असं एका दमात सांगून टाकलं.

"असू दे गं आई," मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सासूबाई येतायत. रविवारी पोचतील."

"हे कधी ठरलं?"

"तिसऱ्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं त्यांना. तुझं ऐन वेळी काहीतरी निघतंच ना."

बरं केलंस, बाई म्हणाल्या. गोळ्या वेळेवर घे, जिने चढू नकोस, असंही म्हणाल्या.

"हो. आणि तू सावकाश ये. चार दिवस, पाहुणी म्हणून."

बाई 'बरं' म्हणाल्या आणि कठडा धरून पायरीवर बसल्या.