शिडी धरायला कोणी नव्हतं

मी वाईच्या एका बोळातली जुनी, पत्र्याची पन्हळ आहे. कौलांच्या कडेला मी पडून असते, त्यामुळे तुम्ही मान वर करून माझ्याकडे कधी बघितलं नसेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. कौलांवरचं पाणी झेलायचं आणि कोपऱ्यातल्या नळीतून खाली सोडायचं, एवढंच माझं काम. ते नीट झालं, की माझी कोणाला आठवणही होत नाही.

मित्रांनो, मला कोंडीबा पत्रेवाल्याने ठोकून घडवलं. मला चढवून झाल्यावर तो घरमालक गंगाधररावांना म्हणाला, “आवं सायेब, पत्रा लय चांगला हाय. फकस्त मिरगाच्या आधी नळीच्या तोंडात हात घालत जावा. पानं अडकली की पानी भितीवर उतरतंया.”

गंगाधरराव म्हणजे आमच्या बोळाचं हवामान खातं. पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. बेडूक किंवा म्हैस असली की धो धो पाऊस, गाढव असलं की नुसते शिंतोडे, असा त्यांचा हिशोब. शेजारीपाजारी कपडे वाळत घालण्याआधीसुद्धा त्यांना वाहन विचारून जात. त्यांची मुलगी वल्लरी मात्र रेडिओवरचा अंदाज ऐकायची आणि वडिलांची फिरकी घ्यायची.

“बाबा, तुमचं गाढव पार भिजलं बघा!”

दरवर्षी मृगाच्या आधी गंगाधरराव शिडी लावत. वल्लरी खाली शिडी धरून उभी राही. चढताना ते विचारत, “वल्ले, धरलीस ना?”

“धरलीय, बाबा!”

ते माझ्यातला कचरा उपसत आणि ती काठीने मला टकटक वाजवून माझी चौकशी करी. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते.

ब्याण्णव सालच्या नागपंचमीला वल्लरीने दाराशेजारच्या मातीच्या भिंतीवर गेरूने नाग काढला. त्याची फणा जरा वाकडीच झाली होती. दिवाळीच्या आधी वल्लरी काविळीने गेली. घराला चुना लावायला माणूस आला, तेव्हा तिच्या आईने, उमाकाकूंनी, त्याचा कुंचला धरला.

“एवढं सोडून लावा,” त्या म्हणाल्या. नागाभोवतीची भिंत पांढरी झाली आणि नाग तसाच राहिला. रोज सकाळी दार उघडलं की काकू आधी त्याच्याकडे बघत. लेकीच्या हातचं तेवढंच मागे राहिलं होतं.

पुढच्या वर्षी मृग आला आणि गेला. मला कोणी साफ केलं नाही. समोरच्या पिंपळाची पानं नळीच्या तोंडाशी कुजू लागली. पुष्य नक्षत्र लागलं, तेव्हा काकू दारात येऊन म्हणाल्या, “अहो, रेडिओवर मुसळधार सांगतायत. पन्हळीत एकदा हात घाला ना.”

“अगं, पुष्याचं वाहन गाढव आहे. काही होत नाही.”

काकूंना ते पटलं, कारण सगळ्या बोळाला ते पटत होतं. पण मी वरून बघत होते. गंगाधरराव शिडीपर्यंत गेले, तिच्या पायथ्याच्या रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले आणि तसेच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाने झोडपून काढलं. नळी तुंबलेली, त्यामुळे मी काठोकाठ भरले आणि मागच्या कडेवरून पाणी भिंतीवर उतरू लागलं. मला थांबवता येईना. काकू धावत बाहेर आल्या. पदर नागावर दाबून धरत त्या ओरडल्या, “अहो, या लवकर!” गंगाधरराव आले, तोवर त्यांच्या पदराखालून तांबडं पाणी पायरीवर आलं होतं. भिंतीवर काही उरलं नाही.

गंगाधरराव म्हणाले, “उमे, शिडी धरायला कोणी नव्हतं गं.”

“मला हाक मारायची होतीत,” काकू म्हणाल्या आणि मग दोघंही खूप रडली.

त्या दिवाळीला चुन्याचा कुंचला सगळ्या भिंतीवरून सरळ फिरला. पुढच्या मृगाआधी गंगाधररावांनी शिडी लावली आणि वर चढता चढता जुन्या सवयीने विचारलं, “वल्ले, धरलीस ना?”

“धरलीय,” उमाकाकू म्हणाल्या.

मित्रांनो, पावसाचा अंदाज कोणाचाही ऐका, पण पन्हळीत वेळेवर हात घाला. आणि घरातलं कोणी शिडीकडे नुसतं बघत उभं असेल, तर त्याच्या हाकेची वाट बघू नका. जा आणि शिडी धरा.