दोन डोंगर

रंगपेटीतल्या निळ्या वडीला मधोमध खड्डा पडला होता, इतका की खालचा पत्रा दिसायचा. शेजारची जांभळी मात्र कोरीच, तिच्यावर उमटवलेली अक्षरंसुद्धा शाबूत. एकतीस वर्षं शाळेत आकाश रंगवून दाखवलं की असं होतं, उत्तराबाईंना वाटलं, आणि होडी कलली तशी रंगपेटी त्यांनी मांडीशी घट्ट धरली.

मार्व्याच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटून अर्धा तास झाला होता. त्यांच्या बोरिवलीच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी, श्रुतिका, तिने ही चित्रं काढायची सहल ठरवली होती — “बाई, तुम्ही नाही म्हणायचंच नाही!” — आणि त्या आल्या होत्या, हौसेने नव्हे, जिवाच्या आकांताने. राहती इमारत पाडायला निघालेली, तोवरचं भाड्याचं घर लहान, आणि काल मुलाने, मिहिरने, माळ्यावरून ही रंगपेटी खाली काढत सरळ विचारलं होतं, “आई, ही ठेवायची की देऊन टाकायची?” चिडून नाही विचारलं बिचाऱ्याने. उद्या संध्याकाळी सांगते, म्हणाले मी. एक चित्र... एकच, पण माझं. निघालं तर ठेव म्हणेन, नाही तर जाऊ दे एकदाची.

समोर मनोरीचा किनारा होता, आणि समुद्र निळा नव्हताच, दूध जास्त पडलेल्या चहासारखा होता. हे त्यांना दिसलं होतं, अगदी स्वच्छ दिसलं होतं — आणि तरी ब्रश निळीतच गेला. हात भराभर चालू लागला. चित्रकलेच्या ग्रेडच्या परीक्षेला मुलं बसवायचे तेव्हा सांगायचे मी, आधी क्षितिज, मग उजवीकडे झाड, वेळ घालवू नका, बघत बसू नका... बघत बसू नका! पोरं पास व्हायची. दरवर्षी सगळी पास.

सुकाणूवरचा कुंडलिक मान वाकडी करून पाहत होता. “बाई, हे डोंगर कुठं दिसले तुम्हाला?”

कागदावर दोन डोंगर होते. त्यांच्या मधून सूर्य वर येत होता.

“अय्या, आपल्या फळ्यावरचं!” श्रुतिका आनंदाने ओरडली. “सेम टू सेम, बाई! मी अजून असंच काढते.”

हसायला हवं होतं. हसल्याही असतील. मनात मात्र आलं — म्हणजे माझं गेलंच, हिचंही घालवलं मी. हिला डोळे होते, मी डोंगर दिले. रडावंसं वाटलं, पण होडीत चार माणसांसमोर रडायला जागा तरी कुठे असते.

त्यांनी कागद होडीच्या कडेवरून पाण्यात बुडवला. सूर्य गेला, डोंगर ओघळले, निळा डाग राहिला. ओला कागद मांडीवर पसरून त्यांनी पुन्हा समोर पाहिलं. किनारा हलत होता, की होडीच... झाड कुठे संपतं नि घर कुठे सुरू होतं, ते कळेना.

ब्रश जांभळीवर टेकला. वडी दगडासारखी कोरडी, रंग सुटेना. पुढे काय करायचं ते हाताला माहीत नव्हतं. मिहिरला काय सांगायचं, तेही ठाऊक नव्हतं. भीतीने हात कापत होता, आणि त्या कापणाऱ्या हाताकडे बघताना उत्तराबाईंना वाटलं, हा मात्र माझा आहे.